कालवोडांचं शेवटचं वादन

१

कालवोडा मास्तर ऑर्गनच्या जिन्याखाली मरून पडलेत, ही बातमी आम्हाला आमच्यातल्याच ग्राझिनीने दिली. देताना तो आपला उजवा हात सारखा कोटाला पुसत होता. "हात लावून बघितला," तो म्हणाला. "दगडासारखे गार आहेत."

त्या दुपारी आम्ही सगळे वादक गढीच्या मोठ्या दालनात जमलो होतो. संत व्हात्स्लावचा सण तोंडावर आला होता आणि मास्तरांची नवी सिंफनी बसवायची होती. ऊन छान पडलं होतं म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवल्या होत्या. अंगणापलीकडच्या चर्चमधून ऑर्गन ऐकू येत होता. त्यात नवल काही नव्हतं. तालमीच्या आधी मास्तर चर्चमध्ये एकटेच जाऊन बसायचे आणि डोक्यात जे घोळत असेल ते वाजवून बघायचे. त्या वेळी कुणी आत पाऊल टाकलेलं त्यांना खपत नसे. आम्ही तारा लावता लावता ऐकत होतो. टुणटुण उड्या मारणारा खर्ज, पायरी पायरीने चढत जाऊन एकदम उसळणारा कल्लोळ, आणि मग मध्येच ते अवचित थांबणं. डोळे मिटूनही कुणी सांगितलं असतं की हे कालवोडा.

वादन संपलं आणि थोड्याच वेळात फ्लोरियान दालनात आला. फ्लोरियान म्हणजे मास्तरांचा पट्टशिष्य, पोरवयापासून त्यांच्याच घरात वाढलेला. तो हार्पसिकॉर्डच्या पट्ट्यांपाशी बसला आणि म्हणाला, "झालं वाटतं मास्तरांचं. येतीलच आता."

मास्तर आले नाहीत. वाट बघून गढीचे मालक काउंटसाहेब कंटाळले, तेव्हा त्यांनी ग्राझिनीला बोलवायला पाठवलं. पुढचं सांगितलंच.

तोल जाऊन पडले असतील, असंच आधी सगळे म्हणाले. जिना दगडी आणि गोल फिरणारा, मास्तर साठीच्या पुढचे. पण त्यांच्या कोटाची छातीवरची बटणं तुटलेली होती आणि त्यातलं एक जिन्याच्या अगदी वरच्या पायरीवर सापडलं. कुणीतरी त्यांना धरलं होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत कारभारी रेडलिख यांनी गुन्हेगार पकडलासुद्धा. ऑर्गनचा भाता ओढणारा वोयतेख. कारभाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. ऑर्गन वाजत होता तोवर मास्तर जिवंत होते, हे साऱ्या होलुबिन गावाने ऐकलं. वाजणं थांबल्यावर वादक मंडळी दालनात एकमेकांच्या डोळ्यांसमोर होती. चर्चमध्ये उरला एकटा वोयतेख. शिवाय मागच्या रविवारी ऐन मिस्साच्या प्रार्थनेत ऑर्गनचा वारा संपला होता आणि मास्तरांनी भर चर्चमध्ये त्याची खरडपट्टी काढली होती. त्याच दिवशी गुत्त्यात वोयतेख चारचौघांत बोलून गेला होता, "एक दिवस यांचाच भाता रिकामा होईल."

सम्राटांनी फाशी बंद केली होती खरी, पण तिच्या जागी जे आणलं होतं ते ऐकून माणूस फाशीच मागेल. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहून डॅन्यूबवरच्या नावा साखळदंडाने ओढायच्या. तिथे गेलेला माणूस परत आलेला आमच्या मुलखात कुणी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोझालियाबाई माझ्या दारात उभ्या. डोक्याचा रुमाल वाकडा, बाहीवर आलुबुखाराच्या मुरंब्याचे डाग. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"आम्ब्रोश," त्या म्हणाल्या, "काल ऑर्गन वाजत होता ना, तेव्हा मास्तर जिवंत नव्हते."

२

रोझालियाबाई गढीच्या एके काळच्या पहिल्या गायिका. आवाज उतरू लागल्याचं इतरांच्या लक्षात यायच्या आत त्यांनी स्वतःहून गाणं थांबवलं आणि चर्चच्या उत्तरेच्या भिंतीला लागून असलेल्या घरात राहायला गेल्या. भिंत एकच, त्यामुळे ऑर्गन त्यांच्या परसात घरचाच असल्यासारखा ऐकू यायचा. मी व्हायोला वाजवतो, व्हायोलिनहून थोडं मोठं, मधल्या सुरांचं वाद्य. आमच्या धंद्यात व्हायोलावाल्याला कुणी विचारत नाही, पण बाई विचारायच्या. म्हणायच्या, तू मध्ये बसतोस, तुला दोन्हीकडचं ऐकू येतं.

त्या म्हणाल्या, "मी परसात मुरंब्याचा हंडा ढवळत होते. ऐकता ऐकता मनात आलं, आज मास्तर घाईत दिसतात. तेवढंच. आणि आज सकाळी उठले ती ह्याच विचारानं. मास्तर आणि घाई?"

मी म्हटलं, तालीम होती, उशीर होत असेल.

"घाई असली तर माणूस भरभर वाजवेल. हा सावकाश, नीट वाजवत होता. घाई होती ती थांबण्यात."

इथे मास्तरांबद्दल थोडं सांगायला हवं. येरोनिम कालवोडा विणकरांच्या गावातल्या शाळामास्तराचा मुलगा. कोवळ्या वयात व्हायोलिन काखेत मारून मानहाइमला पळाला. तिथल्या वाद्यवृंदात त्याने आवाज कुजबुजीपासून गर्जनेपर्यंत चढवायचा कसा ते उचललं. मग नेपल्सला जाऊन गाण्यासारखी सुरावट लिहायला शिकला. तिथून परतल्यावर होलुबिनला आला तो इथलाच झाला. डाव्या करंगळीचं हाड लहानपणी मागात सापडून मोडलेलं, त्यामुळे तिला खालचा सूर धरून ठेवता येत नसे. म्हणून त्यांचा खर्ज उड्या मारायचा. व्हिएन्नातले जाणकार त्याला खेळकरपणा म्हणायचे आणि मास्तर ते ऐकून करंगळी चोळायचे.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे ते थांबणं. चढत्या गर्जनेच्या टोकाला नेऊन सगळं तोडून टाकायचं, काही क्षण काहीच नाही, आणि मग अगदी भलत्याच सुरात पुन्हा सुरुवात. एकदा कुणी विचारलं, तिथे किती मात्रा थांबायचं? मास्तर म्हणाले, "पाहुणा दाराबाहेर गेल्याशिवाय दुसऱ्याला आत बोलावू नये."

"ते वाक्य सगळ्यांना पाठ आहे," बाई म्हणाल्या, "पण त्याचा अर्थ कुणी लावला नाही. चल माझ्याबरोबर."

त्यांनी मला चर्चमध्ये नेलं. घंटावाल्याला भात्यावर बसवलं, मला ऑर्गनच्या सज्ज्यात पाठवलं आणि स्वतः खाली मधोमध उभ्या राहिल्या. मी दोन्ही हातांनी पट्ट्या दाबल्या आणि त्यांनी हात करताच सोडल्या. आवाज कमानींमध्ये वर गेला आणि तिथेच फिरत राहिला. संपला म्हणेपर्यंत पुन्हा कुठून तरी यायचा.

"रविवारी असं होतं का?" त्यांनी खालून विचारलं.

नव्हतं होत. रविवारी चर्च माणसांनी, लोकरीच्या कोटांनी, शालींनी गच्च भरलेलं असतं. आवाज त्यांच्यात जिरून जातो.

"मास्तर मात्रा मोजत नव्हते रे. आवाज पुरता विझेपर्यंत कान लावून बसायचे. मी त्यांच्या त्या थांबण्यात श्वास घेत आले, प्रत्येक जागी तो वेगळा असायचा. दालनात एवढासा, रविवारी त्याहून थोडा मोठा, आणि रिकाम्या चर्चमध्ये ते इतके थांबायचे की परसात मी हातातलं काम सोडून वाट बघायची. काल जो वाजवत होता तो मोजत होता. रविवारी थांबतात तेवढंच थांबला. पहिला आवाज वर घुमतोय तोच दुसरा त्याच्यावर ओतला, सगळा चिखल झाला. मास्तरांना ते सहनच झालं नसतं."

मला ग्राझिनीचा तो कोटाला पुसणारा हात आठवला. दगडासारखे गार. आत्ता आत्ता मेलेला माणूस इतका गार होत नाही, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. ज्याला आम्ही खिडकीतून वाजवताना ऐकलं त्याचं प्रेत तेव्हा जिन्याखाली गार पडत होतं.

"म्हणजे ज्याने मास्तरांना रविवारीच ऐकलंय असा कुणीतरी," मी म्हटलं. "असं तर अख्खं गाव आहे."

"ऐकणारं गाव आहे. अगदी त्यांच्यासारखं वाजवणारे किती आहेत?"

होलुबिनमध्ये असे दोघेच होते. पहिला व्हायोलिनवादक ग्राझिनी, जो तरुणपणी इटलीत ऑर्गन वाजवून पोट भरायचा. आणि फ्लोरियान.

३

आम्ही आधी कारभाऱ्यांकडे गेलो. रेडलिख यांनी सगळं ऐकून घेतलं, तपकीर ओढली आणि म्हणाले की बाई, जे वाजलंच नाही त्याचा पुरावा तुम्ही घेऊन आलात, आता मी कागदावर काय लिहू? मग समजावणीच्या सुरात सांगितलं की सोमवारी वोयतेखला ब्र्नोच्या तुरुंगात पाठवायचं ठरलंय, तेव्हा तुम्ही तुमचा मुरंबा बघा.

बाहेर आल्यावर मला वाटलं बाई रडतील. त्यांनी रुमालाची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली. "सोमवार," एवढंच बोलल्या आणि तुरुंगाच्या कोठडीकडे चालू लागल्या.

वोयतेखकडून फारसं काही निघालं नाही. भाता ओढायची खोली ऑर्गनच्या मागे, मध्ये जाड भिंत, जिना बाहेरून. वाजवणारा दिसत नाही. घंटा वाजली की ओढायचं, पुन्हा वाजली की थांबायचं. त्या दिवशी जेवणावर बिअर जरा जास्त झाली होती, तो खोलीत येऊन बसला आणि त्याला डुलकी लागली. घंटेने जाग आली. त्याआधी काय झालं ठाऊक नाही. वाजवत कोण होतं? "मास्तरच की. दुसरं कोण असणार?" बाईंनी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं आणि तो पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला, आपल्याच गळ्याला फास लावणारं. शेवटी त्याने बाईंचा हात धरला आणि नावा ओढणाऱ्यांना हिवाळ्यात तरी पाण्याबाहेर काढतात का, असं विचारलं.

ग्राझिनीचं वागणं मात्र संशय यावा असंच होतं. मास्तरांशी त्याचं कधी पटलं नाही. वेगावरून, गज चालवण्यावरून, कशाहीवरून वाद. मास्तर गेल्यावर त्यांची जागा त्याला मिळेल असं निम्मा वाद्यवृंद म्हणत होता. आणि त्या दुपारी तो तालमीला उशिरा आला होता, बूट धुळीने भरलेले; ऑर्गन संपायच्या आधी आला की नंतर, ते कुणालाच नक्की आठवत नव्हतं. कुठे होतास विचारलं तर त्याने आधी उडवाउडवी केली, मग बाईंना म्हणाला की तुम्ही बायका स्वयंपाकघरातल्या भांड्यांसारखी माणसं घासता.

"घासल्याशिवाय तांबं की पितळ ते कळत नाही," बाई म्हणाल्या. "कुठे होतास?"

तेव्हा त्याने सांगितलं. तो टपालगाडीच्या ठाण्यावर गेला होता. ड्रेस्डेनला त्याला नोकरी मिळाली होती आणि सणानंतर तो गुपचूप निघणार होता. ठाणेदार त्याला साक्ष होता, आम्ही जाऊन विचारूनही आलो. मास्तरांची जागा त्याला नकोच होती.

"परत येताना ऑर्गन ऐकलास?" बाईंनी विचारलं.

"ऐकला की. अंगणात शिरलो आणि वाजायचा थांबला. बराच वेळ काही नाही. मला वाटलं संपलं, आता म्हातारा माझ्याआधी दालनात पोचून मला सगळ्यांसमोर सोलणार. मी धावत वर गेलो, व्हायोलिन काढलं, तर पुन्हा सुरू. मग जोरात शेवट केला."

मलाही आठवलं, तारा लावताना मध्ये बराच वेळ ऑर्गन ऐकूच आला नव्हता. परतताना त्यांनी गढीखालच्या तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांनाही तेच विचारलं. त्याही म्हणाल्या, मध्ये बराच वेळ बंद होता.

"आम्ब्रोश," बाई म्हणाल्या, "ऑर्गन मध्ये बंद नव्हता. मी स्वतः ऐकला."

४

फ्लोरियान मास्तरांच्या घरी त्यांची वाद्यं पुसत बसला होता. डोळे सुजलेले. त्याने आम्हाला बसवलं आणि खसखशीचे कोलाचे, गोड पाव, पुढे केले. ते खोटं दुःख नव्हतं, हे मी आजही सांगेन.

त्या दुपारी कुठे होतास असं बाईंनी सहज विचारलं. तो म्हणाला, दालनाच्या पलीकडे वाद्यांच्या खोलीत, हार्पसिकॉर्डच्या तारा शोधत. ऑर्गन तिथूनच ऐकला. संपल्यावर दालनात आला.

मग बाईंनी कोलाचा मोडला आणि म्हणाल्या की मास्तरांचं शेवटचं वादन कुणीतरी जपायला हवं, आणि ते तुझ्याइतकं कुणाच्या ध्यानात असणार. त्याचा चेहरा उजळला. तो बोलू लागला, टेबलावर बोटं नाचवू लागला. सुरुवात कशी भक्कम, खर्ज कसा उड्या मारत खाली उतरतो, पहिली चढण, पहिलं थांबणं. "आणि मग मधला भाग. फक्त ऑर्गनच्या लाकडी नळ्यांवर, अगदी हळू. दुःखी सुरात. बाई, तसं काही आजवर इथे वाजलंच नव्हतं."

"हो," बाई हळूच म्हणाल्या. "मीही ऐकलं. फार सुंदर होतं."

बाहेर पडल्यावर त्या चर्चच्या पायरीवर बसल्या. "लाकडी नळ्यांचा आवाज भिंतीला कान लावला तर ऐकू येतो. अंगणात नाही, तळ्यावर नाही. सगळ्यांना तिथे ऑर्गन बंद पडल्यासारखा वाटला. हा म्हणतो वाद्यांच्या खोलीत होतो. ती खोली तर गढीच्या पार त्या टोकाला."

मी म्हटलं, आत्ताच कारभाऱ्यांना सांगू.

"ते पुन्हा तपकीर ओढतील. आणि फ्लोरियान म्हणेल मला कुणीतरी सांगितलं. नाही. काउंटसाहेबांना स्वतःच्या कानांनी ऐकवलं पाहिजे." त्या उठल्या. "मी ह्या पोराला सूर लावायला शिकवलं, आम्ब्रोश. पण तो भाता ओढणाराही कुणाचा तरी पोरगाच आहे."

५

काउंटसाहेब हळवे होते, विशेषतः आपल्या मालकीच्या गोष्टींबद्दल. कालवोडांचं शेवटचं वादन नाहीसं होणार, हे बाईंनी सांगताच त्यांना ते पटलं. फ्लोरियानने रविवारी दुपारी चर्चमध्ये एकट्याने बसून ते आठवेल तसं वाजवावं, दार बंद, भात्यावरचा घंटावाला सोडून आत कुणी नाही, जसं त्या दिवशी होतं तसं. बाकी सगळ्यांनी दालनातून ऐकावं. फ्लोरियानला निरोप गेला. मला वाटलं तो नाही म्हणेल. तो चटकन हो म्हणाला. नाही म्हणायचं त्याला जमलंच नसतं.

खिडक्या उघडल्या. काउंटसाहेब खुर्चीत, मागे कारभारी रेडलिख, आम्ही सगळे उभे. बाईंनी धुणाऱ्या बायकांनाही वर बोलावून घेतलं होतं, त्या दाराशी दाटीने उभ्या होत्या. ऑर्गन सुरू झाला. ग्राझिनीच्या तोंडून शिवी निघून गेली, इतकं ते हुबेहूब होतं. खर्ज तसाच, चढण तशीच. काउंटसाहेबांनी डोळे पुसले. "हा माझा जुना कालवोडा," ते म्हणाले. "अलीकडे असा वाजवतच नव्हता."

आणि आवाज थांबला.

थोडा वेळ गेला. कारभाऱ्यांनी पाय बदलला. खालून बदकांचा आवाज येत होता.

"संपलं?" काउंटसाहेबांनी विचारलं.

एक धुणारी म्हणाली, त्या दिवशी पण असाच मध्ये बंद झाला होता. ग्राझिनीने मान डोलावली.

"सरकार," बाई म्हणाल्या, "माझ्याबरोबर चार पावलं याल का?"

गढीतून चर्चमध्ये जायला एक छताचा बोळ आहे, घरची मंडळी पावसापाण्यात मिस्साला जातात तो. बाईंनी पहिलं दार उघडलं. काही नाही. दुसरं उघडलं, तेव्हा कुठेतरी दूर कुणी फुंकर घालत असावं असं वाटलं. बोळाच्या टोकाच्या दाराशी काउंटसाहेब थबकले. आतून लाकडी नळ्यांचा आवाज येत होता, हळू, एकेक सूर चाचपत जाणारा.

"हे तो केव्हापासून वाजवतोय?"

"दालनात आपण संपलं असं म्हटलं तेव्हापासून. आम्ब्रोश आणि मी विचारायला गेलो तेव्हा ह्याच भागाचं त्याने आम्हाला वर्णन केलं. म्हणाला, वाद्यांच्या खोलीतून ऐकलं. तुमच्या गढीत कुठूनच हे ऐकू येत नाही, सरकार. हे ऐकायचं तर माझ्या परसात असावं लागतं, नाहीतर ह्या दाराच्या आत. माझ्या परसात मी एकटीच होते."

कारभारी म्हणाले की बोळात उभा राहून ऐकलं असेल, त्याने काय सिद्ध होतं. बाई त्यांच्याकडे वळल्या. बोळात असेल तर मास्तर पडले तेव्हा तो चर्चच्या दाराशीच होता, मग खोलीत होतो असं खोटं का सांगितलं? आणि मग त्यांनी थांबण्याची सगळी गोष्ट पुन्हा सांगितली, ह्या वेळी काउंटसाहेबांना. एवढ्यात आत मोठा कल्लोळ चढला, तुटला, आणि त्याचा आवाज कमानीत घुमत असतानाच पुढचा सूर त्याच्यावर आदळला. काउंटसाहेबांनी कान टवकारले. "चिखल," ते स्वतःशीच म्हणाले.

त्यांनी दार ढकललं.

६

फ्लोरियानने शेवटपर्यंत वाजवलं, मग घंटा दिली आणि वळून पाहिलं. आम्ही सगळे खाली उभे होतो. काउंटसाहेबांनी फक्त एवढंच विचारलं की त्या दुपारी तू कुठे होतास.

"इथे, सरकार," तो म्हणाला. "ह्याच बाकावर."

पुढे त्याने सगळं सांगितलं. गेली दोन वर्षं मास्तरांचं संगीत बदललं होतं, पातळ, कोरडं झालं होतं, आणि काउंटसाहेब कुरकुरत होते. मास्तर आजारी असताना फ्लोरियानने त्यांच्या जुन्या ढंगात एक मिन्युएट, नाचाची चाल, लिहून त्यांच्या नावाने वाजवलं, आणि काउंटसाहेबांनी खरा कालवोडा परत आला म्हणून मेजवानी दिली. मग फ्लोरियानला वाटू लागलं की मास्तरांची गादी आपलीच. त्या दुपारी त्याला कळलं की मास्तरांनी वारस म्हणून त्याचं नाव द्यायला नकार दिलाय. तो मनाई मोडून चर्चमध्ये शिरला.

"ते जिन्याच्या तोंडाशी उभे होते. म्हणाले, तू माझा आरसा आहेस पोरा, आरशाला कुणी गादीवर बसवत नाही. इथून जा. कुठेही जा, वाईट वाजव, पण तुझं वाजव. मी त्यांचा कोट धरला. ढकलायचं नव्हतं. हलवायचं होतं फक्त. ऐका म्हणायचं होतं."

ते पडले आणि हलले नाहीत. तो खाली गेला, हाक मारली, परत वर आला. किती वेळ बसून राहिला ते त्यालाही सांगता आलं नाही. अंगणातून वादक दालनात जाताना दिसले. तेव्हा त्याने घंटा ओढली. लोकांना मास्तर ऐकू आले पाहिजेत, एवढंच सुचलं. "आणि वाजवत होतो तोवर, बाई, ते मेलेले नव्हते."

रेडलिख यांच्या माणसांनी त्याला खाली नेलं. सोमवारी ब्र्नोला गाडी गेली ती त्याला घेऊन. निघायच्या आधी बाई कोठडीशी गेल्या होत्या, मीही होतो. त्याने विचारलं की त्या दिवशीचं वादन कसं होतं. असल्या वेळी लोक काहीतरी गोड बोलतात. बाईंनी थोडा विचार केला.

"सगळं त्यांचं होतं," त्या म्हणाल्या. "जुन्या दिवसांतलं. मधला तो हळू भाग तेवढा कुणाचा ते मला ओळखता आलं नाही. तो तुझा होता."

गाडी वळणाआड जाईपर्यंत बाई रस्त्यात उभ्या होत्या. नंतर बरेच दिवस त्या माझ्याशीही फार बोलल्या नाहीत.

मास्तरांच्या स्मरणाच्या मिस्साला ऑर्गन वाजवायला शेजारच्या गावचा मास्तर आणला होता. पण वोयतेख भात्याच्या खोलीत पाय ठेवायला तयार नव्हता. बायको समजावून थकली, घंटावाल्याने बिअर पाजायचं आमिष दाखवलं. तो जिन्याखाली टोपी चुरगाळत उभा. "भिंतीपलीकडे कोण बसलंय ते मला कळत नाही," तो म्हणाला. "उद्या पुन्हा काही झालं तर मी काय सांगू? मी नाही ओढणार."

कारभाऱ्यांनी त्याला भित्रट म्हटलं. बाईंनी गवंडी बोलावला. मिस्सा सुरू व्हायची वेळ झाली होती, चर्च भरलं होतं, काउंटसाहेब आपल्या जागी येऊन बसले होते, आणि वर सज्ज्यात गवंड्याचे घाव पडत होते. कुणीतरी वर जाऊन थांबवायला सांगितलं, तर बाई म्हणाल्या की कालवोडा मास्तर थांबतील, त्यांना सवय आहे. भिंतीतून दोन विटा निघाल्या, मग तिसरी. वोयतेख आत गेला आणि त्याने त्या भोकाला डोळा लावला. बाकावर बसलेला नवा मास्तर अवघडून हसला आणि त्याने आपलं नाव सांगितलं. वोयतेखने आपलंही सांगितलं. मग त्याने भात्याचा दांडा धरला.